पथ्य, नेम आणि खाडा

पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, कुरकुंभमध्ये माणसाला आपली साखर वाढल्याचं सहसा कारखान्याकडून कळतं. इथली औद्योगिक वसाहत रसायनांची आणि औषधांची. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जी नवी कलमं आली, त्यांतल्या ४१-सी नुसार धोकादायक प्रक्रियेवर काम करणाऱ्याची वर्षातून निदान एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. रसायनांनी शरीराचं काय केलंय ते वेळेत कळावं, हा कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात छाती दाखवायला गेलेला ऑपरेटर छाती ठणठणीत आणि उपाशीपोटीची साखर १८०, असा कागद घेऊन बाहेर पडतो. ज्या रिअ‍ॅक्टरला तो वीस वर्षं भ्यायला, त्यानं काही केलेलं नसतं. जे काही केलंय ते गेटाबाहेरच्या टपरीनं.

निदानानंतरचे दिवस ठरलेल्या क्रमानं जातात. आधी मशीनवर संशय येतो आणि दौंडला जाऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं. तिथंही तोच आकडा आला की खापर टेन्शनवर फुटतं. मुलीचं लग्न, बांधाचा वाद आणि कर्जाचा हप्ता ही साखरेची पंचक्रोशीत मान्यता पावलेली कारणं आहेत. मग सल्ले येतात. कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, जांभळाच्या बियांची पूड. प्रत्येक उपायामागे कुणाचा तरी साडू असतो, ज्याची साखर याच उपायानं मुळापासून गेली. हा साडू कधी कुणाला भेटत नाही, तो नेहमी करमाळ्याकडे राहतो. आणि सगळ्यात शेवटी येतो तो उत्साह. रविवारी बूट येतात, सोमवारी पहाटे पाचला आठ किलोमीटर चालणं होतं, मंगळवारी गुडघा सुजतो आणि बुधवारी बूट पलंगाखाली जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हे खरं. आठ किलोमीटरचा आकडा त्यांचा नव्हता.

बारीक अंगाच्या माणसाची तक्रार वेगळी. "मी हा असा काडीपैलवान, मला कशी शुगर?" या प्रश्नाचं उत्तर जगाला पुणे जिल्ह्यातूनच मिळालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास मांडला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी खूपच किरकोळ, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखलेली, दुष्काळात शेतकरी बियाणं राखतो तशी. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन या दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी २२.३. अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. संशोधकानं स्वतःलाच नमुना म्हणून उभं केल्यावर काडीपैलवानाला बोलायला जागा उरत नाही.

म्हणून वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर जास्त खरं बोलतो. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही त्याची हद्द धरतात. ही मोजणी करताना पुरुषमंडळी पँटचा नंबर सांगतात, तो विचारात घेऊ नये. लग्नात चौतीस असलेला नंबर पंचवीस वर्षांनीही चौतीसच असतो, कारण मधल्या काळात पट्टा चार बोटं खाली उतरलेला असतो आणि पोट त्याच्यावरून पुढे आलेलं असतं. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, आणि श्वास सोडून. श्वास आत ओढून घेतलेलं माप फक्त सोयरीक जमवायला उपयोगी पडतं.

आता खाण्याकडे यायचं तर ते उसाच्या फडातूनच यावं लागतं. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना, केडगावकडे गुऱ्हाळं, हमरस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ज्या तालुक्याचं पोट साखरेवर चालतं तिथं साखर सोडायची म्हणजे घरच्याच माणसाशी अबोला धरण्यासारखं. त्यातून एक तडजोड निघाली आहे: साखर बंद, गूळ चालू. सोलापूर रस्त्यावर गुळाच्या चहाच्या पाट्या वाढल्या त्यामागे चवीइतकाच हा दिलासाही आहे. गुळात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात, हे बरोबर. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी असतील तर गुळात ३८० च्या आसपास असतात, आणि रक्तात उतरल्यावर दोघांची जात एकच. स्वादुपिंडाला सेंद्रिय वगैरे कळत नाही.

चहाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही, कारण इथं चहा हे खाणंपिणं समजलं जात नाही, ते बोलणं समजलं जातं. घरी सकाळी एक, गेटावर एक, कॅन्टीनला दोन, सुटल्यावर टपरीवर एक, आणि संध्याकाळी कुणाकडे गेलं तर "अर्धा तरी घ्या" म्हणून एक. अर्ध्या कपात दीड चमचा साखर धरली तरी सात ग्रॅम झाली. सहा अर्ध्यांचे ४२. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे माणूस जेवायला बसायच्या आधीच कोटा पार करून बसलेला असतो, आणि ताटातल्या भाताकडे बोट दाखवतो.

"एवढ्यानं काय होतंय?" हे या भागातलं आरोग्याला सर्वांत महाग पडणारं वाक्य. ते कधीही एकट्यानं येत नाही. त्याच्याबरोबर पेढा, भजी किंवा पुरणपोळी असते. आणि म्हणणाऱ्याचं खरंही असतं. एका पेढ्यानं काही होत नाही. पण श्रावणातले उपास, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, थंडीतला हुरडा, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीची गुळपोळी, उन्हाळ्यातली लग्नं, आमरस आणि शेवटी आखाड, असा वर्षाचा सातबारा उघडला तर "एवढ्यानं" न होणारा दिवस सापडणं अवघड जातं. उपासाचं तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर साखरेची चिमूट. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मधुमेहाचं यंत्र यायच्या कितीतरी आधीची आहे, हे तिच्या कर्त्याच्या नजरेचं श्रेय.

भाकरीबद्दल मात्र गैरसमज उलट्या बाजूचा आहे. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही चांगली, तंतू भरपूर, पोटाला आधार. पण तिच्या पिठातही सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्टच असतं, त्यामुळे "भाकरीनं शुगर वाढत नसती" हे वाक्य किती भाकरींबद्दल आहे ते विचारून घ्यावं. भाकरी मोजण्याची पद्धतही फसवी. पथ्यावर असलेल्या माणसाला एक भाकरी सांगितलेली असते. तो बसतो, तव्यावरची फुगलेली भाकरी उतरते, आणि तिची चतकोर मागितली जाते. मग आणखी एक चतकोर, आणि आणखी एक. "अहो, होत आली की एक," असं चुलीकडून आलं, की उत्तर येतं, "अगं चतकोरच दिलीस ना?" उरलेली चतकोर पिठल्याला, पुढची ताकाला, आणि शेवटची 'शिळी राहील म्हणून'. अशा सहा चतकोरींनंतर तो मनुष्य हात धुताना प्रामाणिकपणे सांगतो, की आज भाकरी धरलीच नाही, चतकोर चतकोरच खाल्ली.

यावर घराघरांतून जो इलाज निघाला तो साधा आहे. अर्धं ताट भाजीनं भरायचं, मेथी, शेपू, तांदुळजा, गवार, जे बाजारात असेल ते. एका बाजूला मटकीची उसळ किंवा घट्ट वरण. भाकरी उरलेल्या जागेत बसेल तेवढी, आणि पहिला घास भाजीचा, भाकरीचा नंतर. रक्तदाब असेल तर ठेचा, लोणचं आणि पापड यांतलं मीठही मोजायचं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा. खर्डा भाकरीवर नव्हे, जिभेला लावण्यापुरता. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डाळी-उसळींचं गणित बदलतं. ते डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावं, साडूकडून नाही.

किती वेळा खायचं, यावर महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, असा डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेला मार्ग सांगितला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा मार्ग थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खाण्याचा. घरोघरी नवरा एका पक्षात आणि बायको दुसऱ्या पक्षात, अशी विभागणी झाली. कुरकुंभच्या कामगाराची अडचण वेगळीच होती. कारखाने अधिनियमात विश्रांतीचं कलम योगायोगानं ५५ च होतं. मात्र त्यात सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी होती. त्यातली दहा मिनिटं हातमोजे काढून हात धुण्यात आणि रांगेत जातात. शिवाय रात्रपाळीवाल्याचा सूर्य सकाळी आठला मावळतो. त्याला "रात्री लवकर जेवा" म्हणून सांगणाऱ्यानं आधी त्याची रात्र कोणती ते विचारावं. अशा माणसासाठी पाळी कोणतीही असो, झोपून उठल्यापासून तास मोजणं सोयीचं पडतं. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये भात आणि बटाटावडा घेण्याऐवजी डब्यातली उसळ निघाली, तर निम्मं काम झालं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यानं मात्र यातला कुठलाही पक्ष डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. गोळी घेतली आणि जेवण टाळलं, तर साखर इतकी खाली जाऊ शकते की वादविवाद करायला माणूस शुद्धीवर राहत नाही.

व्यायामाला विरोध करणारे दोन प्रकारचे. एक म्हणतात, "आमचं शेतात होतंच की." हे त्यांच्या वडिलांबद्दल खरं होतं. आता रानापर्यंत मोटारसायकल जाते, पाणी ठिबकनं सुटतं आणि मोटर मोबाईलवरून चालू होते. रात्रीची लाईट असेल तर झोपमोड तेवढी होते. दुसरे म्हणतात, "मणक्यात गॅप आहे." मणक्यात गॅप, गुडघ्यातलं वंगण संपणं आणि पित्त, या तीन सबबींवर पंचक्रोशीतला निम्मा व्यायाम थांबलेला आहे.

यातलं दुखणं खोटं नसतं. फक्त त्यावरचा निष्कर्ष घाईचा असतो. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेले होते. १९३७ मध्ये पुण्यात आले आणि वयाच्या ९५ वर्षांपर्यंत जगले. ज्यांचं शरीर वाकत नाही अशांसाठी त्यांनी खुर्ची, दोर, घोंगडी, लाकडी ठोकळे असं सामान आसनांत आणलं. खुर्ची हे योगसाधन असू शकतं, ही कुरकुंभच्या दृष्टीनं फारच आनंदाची बातमी. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं आणि सावकाश बसायचं, भिंतीला हात लावून दंड काढायचे, टाचा उचलायच्या. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार तेच वाटून घेतात.

चालायला जागा शोधणं हा स्वतंत्र विषय आहे. हमरस्त्यावर कंटेनर, वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर टँकर, गावाच्या बाजूला कुत्री. शिवाय फिरायला निघताना वारा कुठून येतोय ते नाकानं पाहून दिशा ठरवावी लागते. टेकडीवरच्या फिरंगाईदेवीचा चढ उत्साहाच्या काळात सर्वांना सुचतो. चढणं हृदयाला चांगलं, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते. त्या वेळी गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो. गुडघेदुखी असलेल्यानं देवीला खालूनच हात जोडले तरी चालतं, ती काही हजेरी घेत नाही. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असलेल्या मधुमेह्याला तर एवढं नक्की सांगावं, की तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुततो तो कळतच नाही, कळतं ते आठ दिवसांनी पू झाल्यावर. रोज झोपताना तळवे पाहणं हाही व्यायामाचाच भाग धरावा. वाकून पाहता येत नसेल तर आरसा ठेवावा. आणि खिशात खडीसाखरेचे चार खडे. ज्याला जन्मभर साखर वर्ज्य केली त्यालाच खिशात साखर बाळगायला सांगतात, यावर बायकोचा विश्वास बसत नाही. पण चालताना घाम फुटला, हात थरथरले, तर तेवढ्यानंच माणूस घरी परत येतो.

पावलं मोजणारं घड्याळ अलीकडे आलं. रोज १०,००० पावलं हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. तो १९६५ मध्ये जपानात निघालेल्या एका पावलंमोजणीच्या यंत्राच्या नावातून आला. शिवाय घड्याळ हातात असतं, पायात नसतं. एका घरात नवऱ्यानं आणलेलं घड्याळ बायकोनं घालून पाहिलं आणि दहा-बारा भाकरी थापून झाल्यावर तिची पावलं त्याच्या सकाळच्या फेरीशी स्पर्धा करू लागली. तेव्हापासून घड्याळ तिच्याकडेच आहे. आठवड्याला १५० मिनिटं, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. त्यासाठी पाच दिवस अर्धा अर्धा तास लागतो, आणि तो सलगच असावा असंही नाही. जेवल्यावर दहा मिनिटं चाललं तर काम करणारे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, अशी सोय शरीरात आहे. आजोबांकडे यासाठी शतपावली हा तयार शब्द होता. ओट्यापासून गोठ्यापर्यंत पंचवीस पावलं असतील तर शंभर पावलं दोन फेऱ्यांत संपतात. मधुमेह्यानं ती दहादा घालायची. म्हैस सुरुवातीला दर फेरीला पेंड आली म्हणून उठते, नंतर तीही सवयीची होते.

हे सगळं एकदम शिकायचं असेल तर सोलापूर रस्त्यावरच पुण्याच्या बाजूला पन्नासेक किलोमीटरवर उरुळी कांचन आहे. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथं येऊन राहिले, गावकऱ्यांना तपासलं, कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, फळं, ताक आणि रामनाम अशी औषधं दिली, आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. स्वतः क्षयानं आजारी असलेले विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे तिथं राहिले. मणिभाई देसाई यांनी तर आयुष्य तिथंच काढलं आणि १९६७ मध्ये बाएफ ही संस्था काढली. आजही लोक दहा-दहा दिवस तिथं राहून येतात, उकडलेलं खातात, लवकर झोपतात आणि हलके होऊन निघतात. पुढची कसोटी परतीच्या वाटेवर असते. उरुळी ते कुरकुंभ या अंतरात मिसळीच्या इतक्या पाट्या आहेत, की दहा दिवसांचं पुण्य यवतच्या आत खर्ची पडू शकतं.

नियम टिकत नाहीत याचं मूळ शब्दात आहे. डॉक्टरांकडे गेलेला माणूस विचारतो, "पथ्य काय?" आणि लगेच, "किती दिवस?" मराठीत पथ्याला शेवट असतो, कावीळ बरी झाली की पथ्य सुटतं, बाळंतीण उठली की पथ्य सुटतं. मधुमेह, रक्तदाब आणि झिजलेला गुडघा यांना तसा शेवट नाही, म्हणून पथ्यवाला तीन आठवड्यांत थकतो आणि सुटल्याचं स्वतःच जाहीर करतो. तोच माणूस तीस वर्षं मंगळवार धरत असतो. दरवर्षी तुकोबांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे वळते तेव्हा तिच्याबरोबर गोळ्यांची डबी कनवटीला लावलेले शेकडो म्हातारे चालत असतात, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांना कुणी "किती दिवस?" विचारत नाही. तो नेम आहे. नेमाला उत्साह लागत नाही, कंटाळा आला म्हणून तो बुडतही नाही.

आणि नेमात बुडण्याची तरतूद आधीच केलेली असते. घरात सुतक आलं की देवपूजा थांबते. कुणी अपराधी होत नाही, "आता मोडलंच आहे तर सोडूनच देऊ" असंही म्हणत नाही. सुतक फिटलं की दिवा पुन्हा लागतो. चालण्याचा नेमही असाच धरलेले लोक टिकले आहेत. थंडी-ताप, लागोपाठच्या रात्रपाळ्या, पुतण्याचं लग्न, हे सुतक समजायचं. ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी एकच फेरी, गोठ्यापर्यंत. कारखान्यातही खाड्याचा पगार जातो, नोकरी जात नाही. सलग खाडे पडायला लागले की मग बोलावणं येतं. लग्नातल्या पंगतीचा एक खाडा माफ, दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या बुंदीचा नाही.

खोटी हजेरी लावायला मात्र जागा नाही. उपाशीपोटीची साखर दोन दिवस जेवण आवरून खाली आणता येते, पाहुणे येणार म्हणून ओसरी झाडावी तशी. पण तीन महिन्यांची साखर म्हणून जी तपासणी करतात, ती रक्तातल्या तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. गणपतीतले मोदक तिथं दिवाळीपर्यंत नोंदलेले राहतात.

वर्षानं पुन्हा तपासणीची गाडी गेटापाशी लागते, पुन्हा रांग, पुन्हा कागद. ज्यानं गोठ्याच्या फेऱ्या चालू ठेवल्या त्याच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.२ वरून ७.४ वर आलेला असतो. तो कागद घडी करून खिशात, खडीसाखरेशेजारी ठेवतो आणि बातमी सांगायला टपरीवर जातो. टपरीवर आता दोन पातेली आहेत. शुगरवाली गिऱ्हाईकं वाढली म्हणून त्यांच्यासाठी मालकानं मुद्दाम दुसरं ठेवलं. त्यात साखरेचा कणही नसतो, अशी तो शपथ घेतो. गूळ असतो.